डोपामाइनच्या संदेशवहनात नायट्रिक ऑक्साइडचे काम

मागील अंकात कंपवातावर, म्हणजेच पार्किन्सन्स विकारावर, प्रसिद्ध झालेल्या लेखात ‘नायट्रिक ऑक्साइड हा वायू मेंदूतील डोपामाइनच्या संदेशवहनावर परिणाम करतो’ असे एक वाक्य होते. डोपामाइन म्हणजे चेतापेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडतात त्यांपैकी एक रसायन. मात्र त्या वाक्याचे स्पष्टीकरण त्या लेखात नव्हते. त्या वाक्याविषयी विचारणा करणारी बरीच पत्रे आली. त्यांतील प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. काही पत्रांत घरातील आजारपणाचा उल्लेख असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : नायट्रिक ऑक्साइड वाहनांच्या धुरात असतो आणि तो प्रदूषक आहे, असे आम्ही वर्गात शिकवतो. असा वायू मेंदू स्वतःच कसा तयार करील? शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरतात तो हाच वायू का?
— विज्ञान शिक्षक, जळगाव

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. भूल देताना वापरला जातो तो नायट्रस ऑक्साइड. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूत या दोन्ही मूलद्रव्यांचा प्रत्येकी एकच अणू असतो. या दोन वायूंचे रासायनिक गुणधर्मही वेगळे आहेत आणि शरीरातील कामही वेगळे आहे.

धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि शरीरातला नायट्रिक ऑक्साइड हा मात्र अगदी एकच रेणू आहे आणि शास्त्रज्ञांना जे पचायला जड गेले ते नेमके हेच. 1980 मध्ये न्यूयॉर्कमधील रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महारोहिणीवर प्रयोग करून असे दाखवले की, रक्तवाहिनीचे आतील अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनामुळे ती सैलावते. म्हणजे अस्तरातून कोणतातरी पदार्थ बाहेर पडत असला पाहिजे. तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड आहे, हे 1987 पर्यंत स्पष्ट झाले. पुढे 1998 मध्ये फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिड मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूची गोष्ट याच काळात समांतर घडत होती. 1988 मध्ये लिव्हरपूल येथील जॉन गार्थवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या अनुमस्तिष्कातील (लहान मेंदूतील) पेशींना ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाने उद्दीपित केल्यावर रक्तवाहिनीतल्यासारखाच पदार्थ बाहेर पडतो, असे दाखवले. आणि 1990 मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ब्रेट आणि सॉलोमन स्नायडर यांनी तो तयार करणारे विकर (एन्झाइम) मेंदूतून शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

या विकराला नायट्रिक ऑक्साइड सिंथेज म्हणतात. अर्जिनिन हे अमिनो आम्ल आणि श्वासातून आलेला ऑक्सिजन घेऊन ते सिट्रुलिन आणि नायट्रिक ऑक्साइड तयार करते. त्याचे तीन प्रकार आहेत : एक चेतापेशींतला, एक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातला, आणि तिसरा प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींत गरज पडेल तेव्हाच निर्माण होणारा. पहिले दोन प्रकार पेशीत कॅल्शियम वाढले की थोडा वेळ चालतात आणि थांबतात. तिसरा प्रकार एकदा निर्माण झाला की तासन्‌तास, प्रसंगी दिवसेंदिवस, मोठ्या प्रमाणावर वायू तयार करत राहतो. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत त्याची गरज पडेल.

प्रश्न : नायट्रिक ऑक्साइडमुळे डोपामाइन वाढते, असे एका पुस्तकात वाचले आणि घटते असे दुसऱ्यात. यांपैकी खरे काय? आणि डोपामाइन ज्या पेशीपर्यंत पोचते, त्या पेशीच्या आत हा वायू काय करतो?
— पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपण वाचलेल्या दोन्ही विधानांना प्रयोगांचा आधार आहे आणि त्यांतले एकही टाकून देण्याचे कारण नाही. अडचण आहे ती ‘वाढते की घटते’ या मांडणीत. असे विचारताना आपण डोपामाइन ही मेंदूत साठवलेली एकच राशी आहे असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात डोपामाइन तयार होणे, ते पेशीबाहेर सोडले जाणे, ते पुन्हा आत ओढून घेतले जाणे आणि ज्या पेशीपर्यंत ते पोचले तिने त्याला प्रतिसाद देणे, असे निरनिराळे टप्पे आहेत. नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम या प्रत्येक टप्प्यावर दिसतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची रीत वेगळी असते.

ज्या भागात हे सर्वाधिक तपशिलाने अभ्यासले गेले आहे, तो भाग म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेला स्ट्रायटम. हालचालींची निवड, सवयी आणि बक्षिसातून होणारे शिक्षण यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील चेतापेशींचे तंतू येथे येऊन डोपामाइन सोडतात आणि मेंदूच्या बाह्यकातून आलेले तंतू ग्लुटामेट सोडतात. उंदराच्या स्ट्रायटममधील सुमारे 95 टक्के चेतापेशी एकाच वर्गातल्या, म्हणजे काटेरी शाखा असलेल्या मध्यम आकाराच्या पेशी असतात, आणि दोन्हींचे संदेश मुख्यतः त्याच स्वीकारतात. नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या पेशी येथे शंभरात एक-दोनच असतात, पण त्यांचे तंतू दूरवर पसरलेले असतात आणि त्यांनी सोडलेला वायू पेशीपटलातून सहज आरपार जातो. डोपामाइनप्रमाणे त्याला पिशव्यांत साठवता येत नाही आणि पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी ग्राहीही (संदेश स्वीकारणारे प्रथिनही) नसतो; स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास जसा भिंती आणि बंद दारे न जुमानता शेजारच्या खोल्यांत पोचतो, तसा तो आसपासच्या अनेक पेशींत एकाच वेळी शिरतो आणि काही क्षणांत नाहीसा होतो.

तो केव्हा तयार होतो, हे पाहिले की डोपामाइनशी असलेले नाते उलगडू लागते. ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या ग्राहीतून कॅल्शियम आत आले की ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटते आणि हे जोडप्रथिन सिंथेज विकराला चालू करते. चेतापेशींतील हे विकर पीएसडी-95 या आधारप्रथिनाच्या मदतीने एनएमडीए ग्राहीच्या अगदी लगत बांधून ठेवलेले असते, त्यामुळे कॅल्शियम आत येताच त्याला हालचाल करता येते. याच पेशींवर डोपामाइनचेही ग्राही असतात. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, डी1 वर्गातील, विशेषतः डी5, ग्राही उद्दीपित झाले की नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढते आणि डी2 ग्राही उद्दीपित झाले की ती दबते. म्हणजे डोपामाइन हे नायट्रिक ऑक्साइडचे नियंत्रण करते आणि नायट्रिक ऑक्साइड हा उलट डोपामाइनचे. या वर्तुळाकार व्यवस्थेत बाहेरून वायू मिसळणारा प्रयोग वर्तुळाच्या कोणत्या बिंदूवर हात घालतो, यावर त्याचा निष्कर्ष अवलंबून राहतो.

आता टप्पे पाहू. डोपामाइन सोडल्यावर ते परत आत ओढण्याचे काम एक वाहक प्रथिन करते. 1994 च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत नायट्रिक ऑक्साइड देणाऱ्या रसायनांमुळे हे परत ओढणे मंदावते असे दिसले. तसे झाले की पेशींबाहेर डोपामाइन अधिक काळ रेंगाळते. डोपामाइन सोडले जाण्याविषयीचे चित्र अधिक मनोवेधक आहे. ऑक्सफर्ड येथील एका गटाने 2011 मध्ये उंदराच्या मेंदूच्या जिवंत कापांवर काम करून असे दाखवले की, नायट्रिक ऑक्साइड मिळाला असता एकट्या विद्युत स्पंदानंतर सुटणारे डोपामाइन आणि जलद स्पंदमालिकेनंतर सुटणारे डोपामाइन यांच्यातला फरक ठळक होतो. हा फरक ठळक होण्यासाठी शेजारच्या पेशींनी सोडलेल्या ॲसिटिलकोलिनचा प्रभाव आवश्यक होता; तो रोखला असता नायट्रिक ऑक्साइडमुळे स्पंदांचा वेग कोणताही असला तरी डोपामाइन अधिक सुटत होते. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. डोपामाइन पेशी शांत असताना सावकाश, एकेक स्पंद पाठवतात आणि अनपेक्षित बक्षीस मिळाले की झपाट्याने अनेक स्पंद पाठवतात. नायट्रिक ऑक्साइडमुळे या दोन अवस्थांतले अंतर वाढत असेल, तर ‘डोपामाइन वाढले’ किंवा ‘घटले’ यांपैकी कोणतेही उत्तर त्या घटनेचे यथार्थ वर्णन करत नाही.

प्रयोगांतल्या विसंगतीचे आणखी एक कारण निव्वळ मात्रेचे आहे. निरोगी मेंदूत या वायूची संहती नॅनोमोलर किंवा त्याहूनही कमी असते, असे आता मानले जाते. सुरुवातीच्या काळातील कित्येक प्रयोगांत मात्र वायू सोडणारी रसायने शेकडो मायक्रोमोलर (एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर) इतक्या प्रमाणात वापरली गेली. एवढ्या मात्रेला जे घडते त्याला संदेशवहन म्हणावे की पेशीला झालेली इजा, हे प्रत्येक प्रयोगागणिक तपासून पाहावे लागते. आपण पुढे या विषयात संशोधन-निबंध वाचाल तेव्हा निष्कर्षाच्या आधी मात्रा पाहण्याची सवय लावून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

आपला दुसरा प्रश्न पेशीच्या आतील घडामोडींचा आहे. नायट्रिक ऑक्साइडचे पेशीतील मुख्य लक्ष्य म्हणजे ग्वानिलिल सायक्लेज हे विकर. त्याच्यात हीम असते, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये असते तशी लोहाची रचना. नायट्रिक ऑक्साइड त्या लोहाला चिकटला की विकराची गती शेकडो पटींनी वाढते आणि सीजीएमपी हा अंतर्गत संदेशवाहक तयार होतो. डोपामाइनचा डी1 ग्राही वेगळ्या वाटेने जातो. तो सीएएमपी हा दुसरा संदेशवाहक वाढवतो. या दोन वाटा डार्प-32 नावाच्या प्रथिनापाशी एकत्र येतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील पॉल ग्रीनगार्ड यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन शोधून काढले, आणि 2000 सालच्या नोबेल पारितोषिकात आर्व्हिड कार्लसन व एरिक कॅन्डेल यांच्यासह त्यांचा वाटा होता. डार्प-32 मधील चौतिसाव्या जागेवरील थ्रिओनिनला फॉस्फेटचा गट जोडला गेला की हे प्रथिन फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एका विकराला रोखते, आणि त्यामुळे पेशीतील इतर कितीतरी प्रथिनांवरचे फॉस्फेट टिकून राहते. डोपामाइन सीएएमपीच्या वाटेने हे जोडकाम घडवते. नायट्रिक ऑक्साइड सीजीएमपीच्या वाटेने, दुसऱ्या विकराच्या साहाय्याने, त्याच जागी तेच जोडकाम घडवतो. येथवर पाहिले तर दोघे एकाच बाजूचे दिसतात.

पण त्याच पेशीत फॉस्फोडायएस्टरेज-2 नावाचे विकर आहे. सीजीएमपी वाढले की ते कार्यान्वित होते आणि सीएएमपीचे विघटन करते. पॅरिसमधील संशोधकांनी 2013 मध्ये स्ट्रायटमच्या पेशींत प्रत्यक्ष मोजून दाखवले की, नायट्रिक ऑक्साइडमुळे डोपामाइनने उठवलेली सीएएमपीची लाट लवकर ओसरते. म्हणजे एकाच पेशीत तोच वायू एका वाटेने डोपामाइनच्या परिणामाला जोड देतो आणि दुसऱ्या वाटेने त्याला आवर घालतो. दोन्हींचा मेळ कसा बसतो हे कोणता संदेश आधी आला, किती अंतराने आला आणि पेशीच्या कोणत्या भागात आला यावर ठरते. याच यंत्रणेचा एक दीर्घकालीन परिणामही आहे : बाह्यकाकडून स्ट्रायटमकडे येणाऱ्या चेतासंधी (दोन चेतापेशींमधील संदेशाचे सांधे) काही विशिष्ट उद्दीपनानंतर दीर्घकाळ दुर्बल होतात, आणि हे दुर्बल होणे घडण्यासाठी डोपामाइनबरोबरच नायट्रिक ऑक्साइड आणि सीजीएमपी यांचीही आवश्यकता असते, असे इटलीतील संशोधकांनी 1999 मध्ये दाखवले. नको असलेल्या हालचालींचे संस्कार पुसण्यात या प्रक्रियेचा वाटा असावा.

राहिला डोपामाइन तयार होण्याचा टप्पा. टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपा हा डोपामाइनचा पूर्वघटक बनवणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा सहघटक लागतो, आणि नायट्रिक ऑक्साइड सिंथेजलाही तोच लागतो. हा सहघटक पुरेसा बनत नाही अशा एका आनुवंशिक विकारात मुलांच्या पायांत पीळ पडू लागतो, आणि मेंदूत डोपामाइनमध्ये रूपांतरित होणाऱ्या लेवोडोपा या औषधाच्या अगदी थोड्या मात्रेने त्यांना कमालीचा आराम मिळतो, कारण त्यांच्या डोपामाइन पेशी जिवंत असतात, फक्त माल तयार होत नसतो. सिंथेजला हा सहघटक कमी पडला तर ते नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड हा अपायकारक मूलक निर्माण करू लागते. याचे महत्त्व पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : माझ्या वडिलांना सहा वर्षांपासून कंपवात आहे. नायट्रिक ऑक्साइडमुळे डोपामाइनच्या पेशी मरतात, असे वाचनात आले. मग तो रोखणारे औषध का दिले जात नाही?
— वाचक, पुणे

उत्तर : आपल्या प्रश्नामागची काळजी मी समजू शकतो, म्हणून जे ठामपणे ज्ञात आहे तेवढेच सांगतो.

नायट्रिक ऑक्साइड स्वतः फारसा आक्रमक नाही. पण त्याची गाठ सुपरऑक्साइडशी पडली की दोघांचा संयोग होऊन पेरॉक्सिनायट्राइट तयार होते. हा संयोग इतका जलद घडतो की, सुपरऑक्साइडची विल्हेवाट लावणारे संरक्षक विकरही त्याच्या मागे पडते. पेरॉक्सिनायट्राइट प्रथिनांतील टायरोसिनवर नायट्रो गट चढवते. असा गट चढला की डोपामाइन बनवणारे टायरोसिन हायड्रॉक्सिलेज निकामी होते. कंपवातात पेशींत साचणाऱ्या अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनावरही असे नायट्रो गट मृत रुग्णांच्या मेंदूत आढळले आहेत. सबस्टॅन्शिया नायग्रातील पेशींत मुळातच डोपामाइनच्या ऑक्सिडीकरणाचा ताण असतो, त्यांचे तंतू अतिशय लांब आणि असंख्य फांद्यांचे असतात, आणि त्यांच्या तंतुकणिकांवर (पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या घटकांवर) ऊर्जेचा मोठा भार असतो. त्यामुळे असा आघात त्यांना इतर पेशींपेक्षा अधिक जड जातो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका दुर्दैवी प्रसंगातून हाती आलेल्या रसायनामुळे मिळाला. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक कंपवाताच्या पूर्ण विकसित अवस्थेत रुग्णालयात आले. विल्यम लँगस्टन यांच्या गटाने छडा लावला, तेव्हा या तरुणांनी टोचून घेतलेल्या बनावट अमली पदार्थात एमपीटीपी नावाचे रसायन मिसळले गेले होते असे निष्पन्न झाले. हे रसायन मेंदूत गेल्यावर रूपांतरित होते, डोपामाइनच्या वाहक प्रथिनातून डोपामाइन पेशींत शिरते आणि त्यांच्या तंतुकणिका बंद पाडते. त्यानंतर प्राण्यांत कंपवात निर्माण करण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. 1996 मध्ये दोन महत्त्वाचे निष्कर्ष आले : चेतापेशींतील सिंथेजचे जनुकच नसलेल्या उंदरांत एमपीटीपीने होणारी हानी कमी झाली, आणि 7-नायट्रोइंडाझोल हे सिंथेज रोखणारे रसायन दिलेली बबून माकडे त्या हानीपासून बचावली. पुढे 1999 मध्ये रोगप्रतिकारक पेशींतील सिंथेज नसलेल्या उंदरांतही डोपामाइन पेशींना संरक्षण मिळाल्याचे दिसले. पहिल्या उत्तरात ज्या तिसऱ्या प्रकाराचा उल्लेख केला, तो हाच. मेंदूतील मायक्रोग्लिया नावाच्या पेशी दाह झाल्यावर तो निर्माण करतात.

इतके असूनही औषध का नाही? याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. 7-नायट्रोइंडाझोल हे मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी या विकरालाही रोखते आणि एमपीटीपीचे विषात रूपांतर नेमके तेच विकर करते. म्हणून बबून माकडांतील यशातला किती भाग नायट्रिक ऑक्साइडचा हे वेगळे काढणे कठीण ठरले. एमपीटीपीची हानी काही दिवसांत होते, तर माणसातला कंपवात अनेक वर्षांत हळूहळू वाढतो आणि लक्षणे दिसू लागतात तेव्हा पुष्कळ पेशी आधीच गेलेल्या असतात. शिवाय वरच्या उत्तरात पाहिल्याप्रमाणे उरलेल्या डोपामाइनचे संदेशवहन सुरळीत चालण्यासाठी हाच वायू लागतो. सिंथेज रोखणारी रसायने दिलेले उंदीर हालचाल थांबवून ताठरतात, ही गोष्ट ब्राझीलमधील संशोधकांनी अनेकदा नोंदवली आहे. रक्तवाहिन्यांतले सिंथेजही सोबत रोखले गेले तर रक्तदाब वाढतो. त्यामुळे कंपवातासाठी नायट्रिक ऑक्साइड रोखणारे एकही औषध आजवर मान्यताप्राप्त झालेले नाही.

एका बाबतीत मात्र आशेला जागा आहे. दीर्घकाळ लेवोडोपा घेतल्यावर काही रुग्णांत अनैच्छिक, वेडीवाकडी हालचाल सुरू होते. त्याच ब्राझीलच्या गटाने उंदरांत सिंथेज रोखून ही हालचाल कमी करून दाखवली आहे. या त्रासावर आज जे अमँटाडीन दिले जाते ते एनएमडीए ग्राहीला रोखते, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड जेथून सुरू होतो त्याच दाराशी काम करते. तथापि त्याचा गुण नायट्रिक ऑक्साइडमुळेच येतो असे सिद्ध झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या वडिलांना असा त्रास सुरू झाला असेल तर तो किती वाजता आणि गोळीनंतर किती वेळाने होतो याची नोंद ठेवावी. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटातील अनुभवी कुटुंबीयही अशी नोंद कशी ठेवावी हे सांगू शकतील.

प्रश्न : माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. नायट्रिक ऑक्साइड देणाऱ्या औषधाच्या एकाच सलाईनने या आजाराची लक्षणे काही तासांत कमी झाली, अशी बातमी पूर्वी वाचली होती. ते औषध येथे मिळेल का?
— वाचक भगिनी, पणजी

उत्तर : ती बातमी खऱ्या संशोधनावर आधारलेली होती. ब्राझीलमधील डॉक्टरांनी 2013 मध्ये 20 रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध, जे शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि एरवी रक्तदाब तातडीने उतरवण्यासाठी अतिदक्षता विभागात वापरले जाते, ते निम्म्या रुग्णांना चार तास सलाईनमधून अत्यल्प वेगाने दिले गेले आणि उरलेल्यांना औषध नसलेले द्रावण. औषध मिळालेल्यांची लक्षणे काही तासांतच कमी झाली आणि तो परिणाम पुढे काही आठवडे टिकला.

यामागचे तर्कशास्त्रही भक्कम होते. केटामीनसारखी रसायने एनएमडीए ग्राही रोखतात आणि निरोगी माणसातही काही काळ स्किझोफ्रेनियासारखी लक्षणे निर्माण करतात. एनएमडीए ग्राही मंदावला की त्याच्यापाठी तयार होणारा नायट्रिक ऑक्साइडही घटतो आणि डोपामाइनचे संदेशवहन विस्कटते; म्हणून तो वायू बाहेरून पुरवावा, असा विचार त्यामागे होता. परंतु त्यानंतर लंडनमध्ये आणि अमेरिकेतील अनेक केंद्रांवर मिळून झालेल्या चाचण्यांत असा लाभ दिसला नाही. बाहेरून दिलेला वायू सर्व शरीरात एकसारखा पसरतो, तर चेतासंधीपाशी त्याची गरज विशिष्ट जागी आणि विशिष्ट क्षणी असते. माझ्या मते अपयशाचे एक संभाव्य कारण येथे आहे. सीजीएमपी आणि सीएएमपी यांचे विघटन करणारे फॉस्फोडायएस्टरेज-10ए हे विकर स्ट्रायटममध्ये विपुल असते. ते रोखून या आजारावर गुण येईल का, याच्याही माणसांवरील चाचण्या निराशाजनक ठरल्या.

त्यामुळे हे औषध आपल्या भावासाठी मिळवण्याचा प्रयत्न कृपया करू नये. नायट्रोप्रुसाइडने रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो आणि त्याच्या विघटनातून सायनाइड सुटते. ते रुग्णालयातील सतत देखरेखीखालीच देता येते. आपल्या भावाला सध्या चालू असलेली औषधे बहुधा डोपामाइनच्या डी2 ग्राहीवर काम करणारी असतील. ती बंद केल्यास लक्षणे परत येण्याचा धोका मोठा असतो. त्यांच्यामुळे काही त्रास होत असेल, तर मात्रा किंवा औषध बदलण्याविषयी मनोविकारतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलावे.

प्रश्न : व्यायामशाळेत ‘नायट्रिक ऑक्साइड बूस्टर’ नावाची अर्जिनिनची पूड मिळते. बिटाचा रसही त्यासाठीच घ्यावा म्हणतात. याने मेंदूतील डोपामाइन वाढून उत्साह येतो, असे मुलाचे म्हणणे आहे. आता तो आजोबांना, ज्यांना कंपवात आहे, हीच पूड आणि खाजकुइलीचे चूर्ण देऊ म्हणतो. द्यावे का?
— गृहिणी, ठाणे

उत्तर : आजोबांना ही पूड देऊ नये.

चेतापेशींतील सिंथेजला अगदी थोडे अर्जिनिन पुरते आणि पेशीत ते साधारणपणे गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. या विकराला अर्जिनिनची टंचाई नसते. ते वाट पाहते कॅल्शियमच्या संदेशाची. म्हणून चमचाभर पूड पाण्यातून घेतल्याने स्ट्रायटममधील नायट्रिक ऑक्साइड, आणि त्यामार्गे डोपामाइन, वाढेल असे मानायला आधार नाही. बिटाची वाट वेगळी आहे : त्यातील नायट्रेटचे जिभेवरील जिवाणू नायट्राइट करतात आणि त्याचा पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड होतो. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब किंचित उतरतो, हे खरे आहे. बीट, पालक हे उत्तम अन्न आहे आणि मुलाने ते खुशाल खावे. त्याचा लाभ रक्ताभिसरणाला आहे, डोपामाइनच्या संदेशाला नाही.

कंपवाताच्या रुग्णाला मात्र दोन धोके आहेत. या आजारात उभे राहताच रक्तदाब घसरून चक्कर येण्याची प्रवृत्ती अनेकांना असते, लेवोडोपाने ती वाढते आणि त्यावर रक्तवाहिन्या सैलावणारे काही दिले तर पडून हाड मोडण्याची भीती असते. दुसरे असे की, व्यायामशाळेतील पुडींत अर्जिनिनबरोबर पुष्कळदा ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले मिसळलेली असतात. लेवोडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाहकांमार्फत जाते, त्याच वाहकांवर ही आम्लेही दावा सांगतात. परिणामी गोळी घेऊनही गुण येत नाही.

खाजकुइलीचे म्हणाल तर तिच्या बियांत लेवोडोपाच असते. भारतीय संशोधकांनी 1937 मध्येच ते त्यांतून वेगळे करून दाखवले होते. म्हणजे ते चूर्ण देणे हे आजोबांच्या चालू गोळीत आणखी तेच औषध न मोजता मिसळण्यासारखे आहे. चूर्णागणिक त्याचे प्रमाण बदलते, आणि मात्रा जास्त झाली की मळमळ, भास आणि अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात. ते आधीच सुरू केले असेल तर अचानक बंद न करता चेतारोगतज्ज्ञांना त्याचे नाव, रोजचे प्रमाण आणि किती दिवस दिले हे कळवावे. आणि पुढील भेटीला जाताना पुडीचा डबा सोबत न्यावा, तसेच आजोबांचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी असा दोनदा मोजून लिहून न्यावा.